उजवीकडचं एक पाऊल

“डुबल मॅडम, मागची टाच!”

हा आवाज ईश्वरीचा. वय अकरा, पट्टा ब्राऊन. संध्याकाळी पाच वाजता हीच ईश्वरी आमच्या ओट्यावर माझ्याकडे अपूर्णांकांची गणितं शिकायला यायची. तेव्हा मी ‘ताई’ असायचे आणि छेद समान करायची वेळ आली की ती नाक ओढत डोळ्यांतून पाणी काढायची. साडेसहाला कराडच्या त्या मंगल कार्यालयात पाऊल टाकलं की हिशेब उलटा. तिचा पट्टा वरचा, माझा नारिंगी. मी कमरेत वाकून तिला नमस्कार करायचा, आणि तिनं पायाच्या अंगठ्यानं माझ्या पोटरीला टोचून चुका सांगायच्या.

“अक्षता टोचतात गं,” मी पुटपुटले.

“अक्षता सगळ्यांनाच टोचतात. ओस्स म्हणा.”

“ओस्स.” म्हणजे कराटेतलं ‘होय जी’.

अक्षता खरंच टोचत. दुपारी तिथं कुणाचं तरी लग्न लागलेलं असायचं आणि संध्याकाळी त्याच फरशीवर आम्ही अनवाणी कराटे करायचो. जिलबीचा वास, कोपऱ्यात रचलेल्या खुर्च्या, बोहल्यामागे ‘शुभविवाह’ अशी थर्माकोलची अक्षरं, आणि त्यापुढे पांढऱ्या कपड्यांतली तीसेक पोरं घसा फाडून जपानी आकडे म्हणतायत. त्या पोरांमध्ये सव्वीस वर्षांची एकटी मी. पदार्थविज्ञानात एम.एस्सी., पीएच.डी.ला जागा मिळेपर्यंत कॉलेजात तासिका तत्त्वावर. आई शेजारणींना सांगायची, “पोरीनं एवढं शिक्षण घेतलं, आता लाथा मारायला शिकतीय. स्थळवाल्यांना काय सांगू?”

आमचे सर म्हणजे बजरंग थोरवत. दिवसा एका शाळेत पी.टी. शिकवायचे. बुटके, रुंद, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता पायांकडे बघणारे. माझ्या पायांशी त्यांचं पहिल्या दिवसापासून वाकडं होतं.

“मॅडम, तुम्ही पुढचा पाय टाकता ते झकास. पण मागची टाच उचलते. मागची टाच उचलली की माणूस उभा नसतो. नुसता थांबलेला असतो.”

मला ही वाक्यं आवडायची, पण पटायची नाहीत. टाच किंचित उचलली तर नेमका काय फरक पडतो, हे मला कुणी बलांची आकृती काढून दाखवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर टाचेत मला रसच नव्हता. बेसिक म्हणजे तेच ते: रांगेत उभं राहायचं, एक पाऊल, एक ठोसा; एक पाऊल, एक अडवणूक. मला रस होता कातेत. काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं, हवेतल्या शत्रूंशी केलेली लढाई. कोण कुठून येतो, आपण कुठं वळतो, सगळं बांधलेलं. मला ते एखाद्या सिद्धतेसारखं वाटायचं.

आणि सिद्धता म्हटलं की मी त्यातली खोट शोधणारच.

ती चौथ्या कातेत सापडली. सर नेहमी सांगत, “काता जिथं सुरू होते तिथंच संपते. हिंडून-फिरून माणसानं आपल्या जागेवर यायचं.” एके दिवशी मी पायाखाली खडूची फुली मारली आणि काता केली. संपली तेव्हा फुली डाव्या हाताला, पाऊलभर लांब. पुन्हा केली. पुन्हा तेच. बाकीच्या पोरांचंही तेच होत होतं, पण सगळा वर्गच एकदम उजवीकडे सरकत असल्यामुळे कुणाला काही जाणवायचं नाही. काता झाली की सर “मूळ जागी!” असं ओरडत आणि आम्ही सगळे मेंढरांसारखे डावीकडे परत येत असू. उजव्या टोकाच्या पोराला बोहल्याची पायरी लागू नये म्हणून त्या बाजूला जागासुद्धा सोडलेली असे.

दोष एकाच जागी होता. तिसऱ्या ठोशानंतर, वळायच्या आधी, सर दाखवायचे तसा आधी किंचित खांदा निघायचा, मग उजवा पाय झटक्यात बाजूला जायचा आणि मागोमाग सगळं अंग. ना ठोसा, ना अडवणूक. नुसतं सरकायचं.

“सर, हे पाऊल कशासाठी?”

सरांनी वर्ग थांबवला. असा प्रश्न बहुधा आजवर कुणी विचारला नव्हता, पण उत्तर मात्र तयार होतं.

“ईश्वरी, सांग मॅडमना.”

ईश्वरीनं हात मागे बांधले आणि पाढा म्हणावा तसं म्हणाली, “समोरचा पहिला शत्रू, मागचा दुसरा शत्रू. तिसरा शत्रू दिसत नाही. न दिसणाऱ्या शत्रूला मारायचं नसतं, त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं असतं. ओस्स!”

“कळलं?” सर म्हणाले.

“न दिसणारा शत्रू कुठल्या बाजूनं येतोय हे कसं कळतं?”

पोरं खुदकन हसली. सर माझ्या पायांकडे बघत म्हणाले, “मॅडम, आधी टाच.”

मी गप्प बसायला हवं होतं, विशेषतः त्या महिन्यात. राज्य संघटनेचे परीक्षक येणार होते. वर्ग त्यांच्या पसंतीला उतरला तर सरांना मान्यता मिळणार होती. नाही उतरला तर पोरांच्या कमरेचे सगळे पट्टे म्हणजे रंगीत नाड्या. सर आयुष्यभर त्या मान्यतेची वाट बघत होते. त्यांनी परीक्षेसाठी निळा ब्लेझर शिवायला टाकला होता, आणि शिंपी बाह्या आखूड करतोय की काय, या काळजीनं दर दोन दिवसांनी त्याच्याकडे चक्कर मारत होते.

पण मला झोप लागेना. इतर गावांतल्या लोकांची हीच काता मी मोबाईलवर बघितली. कुणीच ते पाऊल घेत नव्हतं. सगळे आपापल्या जागी परत येत होते. मग आमच्याकडे हा तिसरा शत्रू आला कुठून?

रविवारी मी सरांच्या सरांकडे गेले. शेवाळे सर उंब्रजला राहायचे. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, दारात शेळ्या. मी काता करून दाखवायला लागले तर त्यांनी हात वर केला.

“थांबा, थांबा. ह्ये काय केलंसा मधीच?”

“बाजूचं पाऊल, सर. तिसऱ्या शत्रूसाठी.”

“कोन शत्रू?”

मी ईश्वरीचा पाढा म्हणून दाखवला. म्हातारबुवांनी तो अगदी मन लावून ऐकला. मग काठी घेतली आणि म्हणाले, “चला माझ्यासंगं.”

गल्लीच्या टोकाला एक जुनी तालीम होती. आत अंधार, मातीचा आणि तेलाचा वास. शेवाळे सरांनी काठीनं दाखवलं. आखाड्याच्या बाजूच्या फरशीवर, बरोबर मध्ये, एक जाडजूड सागवानी खांब उभा होता. त्यावर मारुतीचं जुनं कॅलेंडर.

“हितं शिकवायचो मी. बज्या थोरवत पैल्या रांगेत, हितं, ह्या खांबाच्या म्होरं. काता कराय लागला की तिसऱ्या ठोशाला खांब यायचा. म्हटलं, आरं, जरा बाजूला सर अन् मग वळ. आता खांबावर डोकं आपटायचं का?”

“म्हणजे… तिसरा शत्रू?”

“ह्यो,” म्हणत त्यांनी खांबावर थाप मारली. कॅलेंडरमागून एक पाल पळाली. शेवाळे सर हसता हसता खोकायला लागले. “दिसत न्हाय म्हनं! एवढा मोठा हाय, दिसत न्हाय?”

येताना एस.टी.त मला फार आनंद झाला होता. एवढं स्वच्छ, एवढं संपूर्ण उत्तर मला एम.एस्सी.च्या दोन वर्षांतही मिळालं नव्हतं. कराड येईपर्यंत तो आनंद ओसरला, कारण आता ते सरांना सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर सांगितलं. सर खुर्च्या रचत होते. हातातली खुर्ची तशीच राहिली.

“खांब माझ्या चांगला लक्षात आहे,” ते म्हणाले. “मारुतीचं कॅलेंडर होतं त्याच्यावर. घाम पुसायला मी त्यालाच टेकायचो. पण पाऊल त्याच्यामुळं आहे…” त्यांनी खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. “म्हणजे एवढी वर्षं मी पोरांना खांब चुकवायला शिकवतोय?”

“हो.”

“जिथं खांब नाही तिथं.”

“हो, सर.”

“आणि तो तिसरा शत्रू? तो मी स्वतः शोधून काढला, मॅडम. एका पालकांनी विचारलं होतं. मी रात्रभर विचार केला होता.”

मी म्हणाले, “परीक्षेआधी बदलता येईल ना?”

“परवा परीक्षा. डोक्याला सांगता येईल. पायांना कसं सांगू? पायांना वर्षं लागतात.” ते उठले आणि पुन्हा खुर्च्या रचायला लागले. “पोरांना काही बोलू नका. ती बिथरतील.”

“आणि मी काय करू? मला आता कळलंय. मी ते पाऊल कसं घेऊ?”

या वेळी त्यांनी प्रथमच माझ्या डोळ्यांकडे बघितलं. “तुम्हाला खरं वाटतं ते करा. मी अडवणार नाही. पण जे कराल ते नीट उभं राहून करा.”

मला त्यातला फक्त पहिला भाग ऐकू आला.

परीक्षक आले ते मोटारीतून, सोबत पाण्याची बाटली आणि टॉवेल धरणारा एक माणूस घेऊन. रणनवरे त्यांचं नाव. ब्लेझरवर एवढे बिल्ले होते की ते वाकले की खुळखुळ वाजे. सरांच्या ब्लेझरच्या बाह्या अखेर आखूड झाल्याच होत्या. बोहल्यावर वधूवरांच्या दोन लाल मखमली खुर्च्या होत्या. एकीवर रणनवरे बसले आणि दुसरीवर, नाइलाजानं, थोरवत सर. मागे ‘शुभविवाह’. पालक हसू दाबत होते.

बेसिक झालं. मग रणनवरेंनी सगळ्या वर्गाला एकत्र चौथी काता करायला सांगितली. माझ्या टाचेवर लक्ष राहावं म्हणून सरांनी ईश्वरीला माझ्या डाव्या हाताला उभं केलं होतं.

काता सुरू झाली. पहिला ठोसा, दुसरा, तिसरा. आता ते पाऊल. माझ्या मनात तेव्हा काय काय होतं! सत्य होतं, विज्ञान होतं, झुंडीत एकटी ताठ उभी असलेली मी होते. नव्हतं ते एवढंच, की रांगेतले सगळे उजवीकडे सरकणार आणि मी नाही सरकले तर माझ्या डावीकडचं माणूस कुठं जाणार. एवढं साधं अंतराचं गणित पाचवीतल्या पोरानं केलं असतं.

मी सरकले नाही. ईश्वरी सरकली. ती जीव तोडून, नजर समोर ठेवून, खांदा पुढे काढून सरकली आणि माझ्या बरगड्यांत घुसली. त्या कार्यालयात त्या पावलाला पहिल्यांदाच खरोखरचा अडथळा मिळाला होता. दुर्दैवानं तो अडथळा टिकला नाही. माझ्या उजवीकडची जागा नुकतीच रिकामी झाली होती. मी तिथं आडवी झाले. म्हणजे शेवटी मीही सगळ्यांबरोबर एक पाऊल उजवीकडे गेलेच.

पालकांमधून कुणीतरी “अगं बाई!” म्हणालं. तो आवाज माझ्या आईचा होता.

काता थांबली. रणनवरे खुर्चीतून पुढे झुकले, बिल्ले वाजले.

“थोरवत, हे मधलं पाऊल काय आहे? आपल्या संघटनेत हे नाही.”

ईश्वरीनं पाढा म्हणण्यासाठी हात मागे बांधलेसुद्धा. सरांनी तिला मानेनंच गप्प केलं. मग त्यांनी फरशीवर पडलेल्या माझ्याकडे एकदा बघितलं, आणि उभे राहिले.

“साहेब,” ते म्हणाले, “तिथं खांब होता.”

मी डोळे मिटले. संपलं सगळं, मला वाटलं. मान्यता गेली, पट्टे गेले, ब्लेझर गेला.

“खांब,” रणनवरे म्हणाले.

“हो. माझे गुरू जिथं शिकवायचे, तिथं मध्ये खांब होता. म्हणून बाजूला व्हायचं. दुसरं काही नाही.”

रणनवरेंनी टॉवेल मागितला आणि कपाळ टिपलं.

“दुसरं काही नाही,” ते हळूच म्हणाले. “वा! थोरवत, वा! तिथं खांब *होता*. आता नाही. पण साधक अजून त्याला मान देतो. जो आहे त्याला कुणीही वळसा घालील, जो नाही त्याला वळसा घालणं…” त्यांनी हात हवेत सोडून दिला. “हे तुम्हाला तुमच्या गुरूंनी सांगितलं?”

“त्यांनी सांगितलं, डोकं आपटेल.”

“अहंकार!” रणनवरे म्हणाले. “डोकं म्हणजे अहंकार. काय बोलले!” आणि त्यांनी टॉवेलवाल्याला खूण केली. “लिहून घे.”

सरांनी आणखी दोनदा प्रयत्न केला. लाकडी खांब, साहेब. सागवानी. प्रत्येक तपशिलाबरोबर रणनवरेंचा चेहरा अधिकच उजळत गेला. मारुतीच्या कॅलेंडरपाशी त्यांनी हात जोडले.

वर्गाला मान्यता मिळाली. सगळी पोरं पास. नापास झालेली मी एकटीच.

“खांबामुळे?” मी ताठ मानेनं विचारलं. निदान तेवढं तरी माझ्या वाट्याला यावं, अशी इच्छा होती.

“कुठला खांब?” रणनवरे म्हणाले. “तुमची मागची टाच उचलते.”

सगळे गेल्यावर सर मला कोपऱ्यावरच्या टपरीवर घेऊन गेले. ईश्वरीही आली. ती सारखी “सॉरी ताई” म्हणत होती आणि माझ्या वाटणीची खारी खात होती.

“सर, तुम्ही खरं सांगितलंत,” मी म्हणाले. “काही उपयोग झाला नाही.”

“नाही झाला.” त्यांनी चहा बशीत ओतला. “आता ते पाऊल काढताही येणार नाही. मान्यता त्याच पावलावर मिळालीय.” जरा वेळानं त्यांना हसू फुटलं. ते मोठ्यानं हसले, बशी हिंदकळली, ब्लेझरवर चहा सांडला. मग म्हणाले, “रागावू नका, मॅडम. एक सांगतो.”

“सांगा.”

“तुम्ही सरकला नाहीत, ते बरोबर होतं. एकदम बरोबर. पण अकरा वर्षांची पोरगी धडकली आणि तुम्ही पडलात. का पडलात?”

मी बरगड्या चोळल्या.

“टाच टेकलेली असती तर ही चिमुरडी तुम्हाला धडकून मागं गेली असती. सगळ्यांना दिसलं असतं की ही बाई उभी आहे, आणि बाकीचे सरकतायत. मग साहेबांनी प्रश्न तुम्हाला विचारला असता.” त्यांनी बशी खाली ठेवली. “खरं माहीत होतं तुम्हाला. पण खऱ्याला उभं राहायला पाय लागतात.”

“ओस्स,” ईश्वरी म्हणाली. तोंडात खारी होती.

पुढे पीएच.डी.ला जागा मिळाली, मी पुण्याला आले आणि कराटे सुटलं ते सुटलंच. एक गोष्ट मात्र राहिली. प्रयोगशाळेत उभी असताना, बँकेच्या रांगेत, गॅसपाशी दूध उतू जाण्याची वाट बघताना मी मागची टाच दाबून उभी राहायचे. का, ते कुणी विचारलं नाही, त्यामुळे सांगावंही लागलं नाही.

गेल्या वर्षी बाणेरला घराजवळ एक कराटेचा वर्ग निघाला. तिथं एसी, आरसे आणि निळ्या मॅट होत्या, अक्षता नव्हत्या. शिकवणारा तन्मय माझ्यापेक्षा लहान, अगदी मन लावून शिकवणारा. मी पुन्हा पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात केली. काही महिन्यांनी चौथी काता आली. तिसरा ठोसा मारून मी सरळ वळले.

“मॅडम, एक मिनिट. तुम्ही हाशिरा विसरलात.”

“काय विसरले?”

“हाशिरा. हे उजवीकडचं पाऊल.” त्यानं करून दाखवलं. तीच थोरवत सरांची लकब, पायाआधी किंचित खांदा काढायची. “आपल्या राज्य संघटनेनं ही जुनी परंपरा परत आणलीय. हाशिरा म्हणजे जपानीत खांब. पूर्वीचे गुरू म्हणे एका पवित्र खांबाभोवती साधना करायचे.”

“तो सागवानी होता,” मी म्हणाले. “उंब्रजला.”

“सुंदर!” तन्मय म्हणाला. “प्रत्येकानं आपला खांब असाच शोधायचा. चला, सगळे पुन्हा!”

माझ्या डाव्या हाताला कौस्तुभ नावाचा आयटीतला एक धिप्पाड मुलगा होता. काता सुरू झाली. पहिला ठोसा, दुसरा, तिसरा. समोरच्या आरशात सगळी रांग एकदम उजवीकडे निघाली. मी नाही निघाले. या वेळी माझ्या डोक्यात ना सत्य होतं, ना विज्ञान. माझं लक्ष फक्त मागच्या टाचेवर होतं.

कौस्तुभ पूर्ण वेगानं येऊन आदळला आणि मॅटवर फतकल मारून बसला.

रांग थांबली. सगळे आरशातून माझ्याकडे बघायला लागले. मी होते तिथंच होते. तन्मयनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी कौस्तुभच खांदा चोळत खालून म्हणाला,

“मॅडम, तुम्ही हललात कशा नाही?”

मी हात देऊन त्याला उठवलं.

“टाच,” मी म्हणाले.